‘अंगणवाडीचं पाकीट माझी मुलगी दप्तरात लपवून आणते’

भोसरीहून एकीचं पत्र आलंय, वय २९. पत्र चार पानी आहे, सगळं छापत नाही, पण तिच्याच शब्दात थोडं देते म्हणजे तुम्हाला कळेल.

“ताई, आम्ही मूळचे लातूरकडचे. मिस्टर चाकणला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होते, चार महिन्यांपूर्वी ब्रेक दिला आणि परत घेतलंच नाही. आता नाक्यावर उभे राहतात, आठवड्यात तीन दिवस काम लागलं तरी खूप. मोठी मुलगी नऊ वर्षांची, धाकटी साडेसात महिन्यांची. सासूबाई फोनवर अजून म्हणतात दुसरी पण पोरगीच. रेशनकार्ड गावचं आहे, केशरी, त्यावर प्राधान्यचा शिक्का. इथल्या दुकानात दोनदा गेले. दुसऱ्या वेळी गहू किडका होता म्हणून बोलले तर दुकानदार सगळ्यांसमोर म्हणाला, फुकटचं खायचं आणि वर नखरे करायचे. मागं आमच्या मजल्यावरची बाई उभी होती. त्या दिवसापासून गेले नाही, दोन महिन्यांचं धान्य सुटलं. बाळाचं अंगणवाडीचं पाकीट आणायला मोठीला पाठवते. जाऊबाई आल्या होत्या त्या म्हणाल्या असलं आमच्याकडं म्हशीला घालतात. आता मोठी ते पाकीट दप्तरात वह्यांच्या खाली घालून आणते, मी सांगितलं नव्हतं. परवा विचारत होती, आई आपण गरीब आहोत का. मी तिला मारलं. ताई मी आधी अशी नव्हते. रात्रभर झोप नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही, बाळ रडलं तरी ऐकत पडून राहते. माझं जेवण सगळ्यांचं झाल्यावर, उरलं तर. कधी वाटतं पोरींना माझ्यापेक्षा दुसरं कुणीही बरं सांभाळेल.”

अगं, मी तुझ्यापेक्षा तीसेक वर्षांनी मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

सगळ्यात आधी ते शेवटचं वाक्य. रेशनचं नंतर बोलू. पोरींना दुसरं कुणीही बरं सांभाळेल असं तू लिहिलंस, म्हणजे नक्की काय वाटतं तुला? मरून जावं असं वाटतं का, जिवाचं काही करावं असं डोक्यात येतं का? मी हे सरळ विचारतेय कारण आडून विचारलं की माणूस आडूनच उत्तर देतं. उत्तर हो असेल तर हा कागद बाजूला ठेव आणि आत्ता मिस्टरांना उठवून सांग, अर्ध्या रात्री असलं तरी, आणि १४४१६ ला फोन लाव. सरकारची टेलिमानस नावाची हेल्पलाइन आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. विचार येऊन जात नाहीयेत, ठाण मांडून बसलेत असं असेल तर एकटी राहू नकोस, कुणाला तरी सोबत घेऊन सरळ मोठ्या सरकारी दवाखान्यात जा, तिथं कॅज्युअल्टी रात्रीही उघडी असते. उत्तर नाही असेल, नुसतं थकून लिहिलं असशील, तरी तो नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेव आणि पुढचं वाच.

तू लिहिलंस मी आधी अशी नव्हते. बरोबर आहे, नव्हतीस. झोप उडणं, सकाळी अंग उचलत नाही, बाळ रडतंय हे कळतंय पण हात पुढं होत नाही, पोरीवर हात उगारला जातो आणि मग तासभर स्वतःला शिव्या, हे दोन आठवड्यांच्या वर रोज चाललं असेल तर त्याला आळस म्हणत नाहीत, वाईट आई तर अजिबात म्हणत नाहीत. ह्याला डिप्रेशन म्हणतात आणि तो आजार आहे. मी डॉक्टर नाही, नक्की काय ते डॉक्टरच सांगतील, पण इतकी पत्रं वाचल्यावर मला ओळखू येतं. आणि तू एकटी नाहीस हे नुसतं धीर द्यायला म्हणत नाही. गोव्यात म्हापशाच्या हॉस्पिटलमध्ये मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सोबतच्यांनी २७० गरोदर बायकांना धरून पुढं बाळंतपणानंतरही त्यांची विचारपूस केली होती, २००२ ला ते छापून आलं. बाळ दीड-दोन महिन्यांचं असताना त्यातल्या २३ टक्के आयांना डिप्रेशन होतं, म्हणजे जवळजवळ चारातली एक. कुणाला जास्त होतं बघ. घरात पैशाची ओढाताण, पोटभर खायला नाही, नवऱ्याशी धड नाही, आणि मुलगा हवा असताना मुलगी झाली. तुझं पत्र शेजारी ठेवून वाचलं तर मला वाटलं ही त्याच खाटांवरची एक बाई आहे. म्हणजे हा आजार तुझ्या स्वभावातून आलेला नाही गं, ह्यातला अर्धा भाग तर रिकाम्या डब्यातून आणि सासूच्या फोनमधून आलाय.

आता लाजेचं. इथं मला जरा माझ्या घरातलं सांगावं लागेल.

बहात्तरच्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. बाप आधीच गेलेला. आई खडी फोडायच्या कामावर जायची, आमच्या आईनं त्याआधी उंबऱ्याबाहेर मजुरी कधी केलेली नव्हती. कामावर सुकडी मिळायची, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ. आई दोन घास खायची आणि उरलेली पदराच्या टोकाला गाठ मारून घरी आणायची, दाराशी आली की पदर आत खोचून घ्यायची, शेजारणीला दिसू नये म्हणून. मग ताटलीत काढून आम्हा तिघांना वाटायची आणि बजावायची, कुणी विचारलं तर मामानं पाठवलं म्हणून सांगा. मामाकडं स्वतःलाच खायला नव्हतं, ते सगळ्या गावाला माहीत होतं, शेजारीण पण त्याच खडीवर जात होती आणि तिच्याही पदराला गाठ असायची. दोघी एकमेकींपासून लपवत होत्या. त्या वर्षी आई बोलायची बंद झाली. नुसती भिंतीला टेकून बसायची. लोक म्हणाले उष्णता झाली, कुणी म्हणालं बाहेरचं आहे, अंगारा लावला. तिला कुणीही विचारलं नाही की बाई तुला काय होतंय. मला हे कळायला चाळीस वर्षं लागली, तोवर आई राहिली नव्हती.

तर तुझी पोर पाकीट वह्यांखाली घालते हे वाचलं आणि मला ती पदराची गाठ दिसली. तू तिला लपव म्हणून सांगितलं नाहीस हे मला पटतं, आमच्या आईनं आम्हाला सांगायच्या आधीच आम्हालाही कळलं होतं. पोरं आईच्या चेहऱ्यावरून शिकतात.

हे धान्य फुकटचं आहे का ते बघू एकदा. २०१३ ला अन्नसुरक्षेचा कायदा झाला, संसदेनं केलेला कायदा आहे, कुणा पुढाऱ्यानं वाढदिवसाला वाटलेल्या साड्या नाहीत. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य, अंत्योदयच्या पिवळ्या कार्डावर घरटी ३५ किलो. २०२३ च्या जानेवारीपासून त्याचे पैसे घेत नाहीत. देशात ऐंशी कोटींच्या आसपास माणसं हे धान्य खातात. त्याच कायद्यात लिहिलंय की घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई ही रेशनकार्डापुरती कुटुंबप्रमुख. म्हणजे त्या रांगेत तू मागायला उभी नसतेस, तू तुझ्या नावावर निघालेलं उचलायला आलेली असतेस.

आणि एक, मिस्टरांची जुनी पगाराची स्लिप घरात असेल तर काढून बघ. पीटी म्हणून दर महिन्याला २०० रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत ३००. हा व्यवसाय कर आपल्या राज्यात १९७५ ला आणला तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला, म्हणजे माझ्या आईसारख्या दुष्काळी कामावरच्या बायांसाठी. तुझा नवरा इतकी वर्षं दुसऱ्याच्या चुलीसाठी भरत होता, त्याला कधी वाटलं का की मी कुणाला भीक घालतोय? हे सांगते पण माझं मन एवढ्यावरच थांबत नाही, कारण ज्या बाईच्या घरात कधी पगाराची स्लिप आलीच नाही तिचाही हक्क तेवढाच आहे, भूक लागायला कर भरावा लागत नाही.

मला एक गोष्ट कायम खटकते. लाडकी बहीणचे १५०० जमा झाले की अख्खी चाळ एकमेकींना विचारते, तुझे आले का गं, माझे अजून नाही आले, आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. वाटूही नये. मग रेशनलाच का वाटतं? मला वाटतं पैसे मोबाइलवर येतात, कुणाला दिसत नाहीत, आणि रेशनला पिशवी असते, रांग असते, मशिनवर अंगठा उठेपर्यंत सगळ्यांच्या नजरा असतात, आणि काउंटरपलीकडं एक माणूस असतो ज्याला वाटतं हे आपल्या खिशातनं देतोय. लाज धान्यात नाही, ती त्या तोंडातून येते. त्यानं तुला जे ऐकवलं ते ऐकवायचा त्याला काडीचा अधिकार नाही, त्याला किलोमागं कमिशन मिळतं, तू उचललंस म्हणून त्याचं दुकान चालतं. किडका गहू दिला तर बोलायचंच असतं. तू बरोबर बोललीस, त्या दिवशी चुकीचा माणूस शरमिंदा झाला एवढंच. तक्रार करायची ताकद आली की १९६७ वर कर, नाहीतर रेशनच्या परिमंडळ कार्यालयात लेखी दे आणि पोच घे. आत्ता जमत नसेल तर राहू दे, आत्ता तुझं काम धान्य घरात आणायचं.

आणि त्यासाठी त्या माणसाचं तोंड बघायची गरजच नाही. तुझं कार्ड लातूरचं असून भोसरीत चाललं ना, तसंच ते भोसरीतल्या दुसऱ्या कुठल्याही रेशन दुकानात चालतं. कार्डाचा बारा आकडी नंबर सांगायचा आणि अंगठा. दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानात जा. किंवा मिस्टरांना पाठव, कार्डावर नाव असलेल्या कुणाचाही अंगठा चालतो, त्यांना लाज वाटते म्हणून तू जाणार आणि तुला वाटते म्हणून पोर, हे असं खाली खाली ढकलत नऊ वर्षांच्या लेकीच्या दप्तरात आलंय ते. त्यांना ही ओळ वाचून दाखव. आणि मशिनमधून पावती निघते ती मागून घे, तीन नावांचे १५ किलो पुरे मिळाले का ते त्यावर बघ. सगळ्यांचं ई-केवायसी, म्हणजे आधारची पडताळणी, झालंय का तेही तिथंच विचार, नाहीतर नाव गळतं आणि आपल्याला महिनाभरानं कळतं. बाळाचं नाव अजून चढवलं नसणार, जन्मदाखला घेऊन अर्ज देऊन टाक, कोटा भरलाय म्हणाले तरी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची.

पाकिटाचं. जाऊबाई म्हणाल्या म्हशीला घालतात. घालत असतील, त्यांच्या घरी म्हैस आहे आणि दूध आहे. काही वेळा पाकिटं खरंच बेचव येतात, वास येतो, ते मी नाकारत नाही, तसं आलं तर अंगणवाडीताईला परत दाखव, तारीख बघून घे. पण सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक पोराला हा आहार आहे, गरोदर बाईला आणि बाळंतिणीलाही सहा महिने. १९७५ पासून चाललंय हे अंगणवाडीचं. चांगलं पाकीट असेल तर थोडं काढून पाण्यात पातळ शिजव, वर अर्धा चमचा तेल किंवा तूप सोड, बाळ चाटून खातं. दूध पाजणं चालूच ठेव.

एक गोष्ट मात्र आजच्या आज कर, कारण तारीख निघून चाललीय. दुसरी मुलगी झाली तर मातृवंदना योजनेत ६००० रुपये एकरकमी मिळतात, पण बाळ झाल्यापासून २७० दिवसांच्या आत नाव नोंदवावं लागतं. साडेसात महिने म्हणजे तुझे सव्वादोनशे दिवस होऊन गेलेत. प्राधान्यचं कार्ड आहे तर तू त्यात बसतेस. आशाताईला नाहीतर अंगणवाडीताईला गाठ, आधार, बँक पासबुक, बाळाचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड घेऊन जा. सासूबाई म्हणतात ना दुसरी पण पोरगीच, ह्या पोरगीच्याच नावानं घरात पैसे येतायत हे त्यांना फोनवर सांग, आवाज चढवायची गरज नाही, नुसतं सांग.

आता तुझं जेवण, ह्यावर मी जास्त बोलणार आहे. उरलं तर जेवते म्हणतेस. अंगावर पाजणारी बाई उरलंसुरलं खाऊन चालत नाही, त्यात आपल्याकडं निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी असतं, आणि रक्त कमी असलं की थकवा, धाप, चिडचिड सगळं वाढतं, डोकं अजून जड होतं. बाळंतपणानंतर कधीकधी थायरॉइडही बिघडतं, त्यानंही असंच मरगळल्यासारखं होतं. म्हणून दवाखान्यात गेलीस की हिमोग्लोबिन आणि थायरॉइड दोन्ही तपासायला सांग. आणि उद्यापासून पहिली भाकरी तव्यावरून उतरली की तू खायची, मीठ-तेल लावून का होईना, उभ्यानं खा पण पहिली खा, पोरी बघू देत. हे मी तुला लाड म्हणून सांगत नाही, औषध म्हणून सांगतेय.

दवाखान्याचं घाबरू नकोस. तुमच्या जवळ पिंपरीत वायसीएम हॉस्पिटल आहे, तिथं मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढून जायचं. मिस्टरांना नाहीतर आशाताईला सोबत ने. डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांग की बाळ अंगावर पितंय, त्याप्रमाणे ते गोळी निवडतात, पाजणं चालू ठेवून घेता येतील अशा गोळ्या असतात, आपल्या मनानं पाजणं बंद करायचं नाही आणि गोळीही आपल्या मनानं बंद करायची नाही. गोळी लागू पडायला दोन-तीन आठवडे जातात, चार दिवसांत काही झालं नाही म्हणून टाकून देऊ नकोस. काहींना गोळी लागतही नाही, बोलण्यानंच फरक पडतो. गोव्यातच पुढं प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये डॉक्टर नसलेल्या, तिथल्याच साध्या माणसांना शिकवून तयार केलं, सहा ते आठ वेळा भेटायचं, ऐकून घ्यायचं, आणि रोजची सुटलेली छोटी छोटी कामं परत कशी सुरू करायची ते सोबत बसून ठरवायचं, एवढंच. बरंच जास्त डिप्रेशन असलेली माणसंसुद्धा त्यानं सुधारली, २०१७ ला त्याचे निकाल आले. त्यातलं तुला घरी करता येईल असं एक सांगते. सकाळी बाळाला घेऊन दहा मिनिटं उन्हात जाऊन बस, गॅलरीत नाही, खाली. बरं वाटतं म्हणून जायचं नाही, आधी जायचं, बरं वाटणं मागून येतं. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी नाही.

आणि ती मजल्यावरची बाई. तू लिहिलंस ती मागं उभी होती. अगं पण ती तिथं का उभी होती? तिच्याही हातात पिशवीच होती ना? ती तुझ्यावर हसली असं तू कुठंही लिहिलं नाहीस, पूर्ण पत्र दोनदा वाचलं मी. तिला विचार एकदा, तुम्ही कुठल्या तारखेला जाता, बरोबर जाऊ. आमच्या आईनं त्या शेजारणीला हे कधी विचारलं नाही.

मोठीचं राहिलं. तिला मारलंस त्याचं तुला खात असणार, तर तिला जवळ घे आणि सरळ म्हण, मी चुकले, तू काही वाईट विचारलं नव्हतंस. पोरांना आईनं माफी मागितलेली चालते, लक्षात राहते पण चांगल्या अर्थानं. आणि तिच्या प्रश्नाला उत्तर दे, नऊ वर्षांच्या पोरीला खोटं कळतं. हो, आत्ता आपल्याकडं पैसे कमी आहेत, बाबांचं काम गेलंय, ते शोधतायत. आईला बरं नाहीये, आई डॉक्टरकडं जाणार आहे. आणि हे पाकीट बाळाच्या नावाचं आहे, तू लहान होतीस तेव्हा तुझ्याही नावाचं यायचं. पुढच्या वेळी तिला एकटीला पाठवू नकोस, बाळाला कडेवर घेऊन तू जा आणि ती सोबत येऊ दे. येताना पाकीट तिच्या हातात दे. दप्तर त्या दिवशी घरीच ठेवा.

मातृवंदनेत नाव नोंदवलं का ते मला दोन ओळीत कळव. दोन ओळी जमल्या नाहीत तर नुसतं ‘हो’ लिही.